चाळीस सेकंद

तिचं आडनाव लिहायचं कोलक्लफ, म्हणायचं कोकली.
बर्स्लेमच्या इस्पितळात मी नवी, मिरजेहून आलेली.
पहिल्याच दिवशी नाव चुकीचं पुकारलं
तर बाकावरची सगळी रांग हसली
आणि हसता हसता खोकली.

एनिड आजारी नव्हती, आईला घेऊन आली होती.
आईनं तीस वर्षं कच्च्या बश्यांच्या कडा घासलेल्या.
भुवयांत धूळ, चहात धूळ,
चर्चच्या टोपीच्या शिवणीतसुद्धा.
मी म्हटलं, श्वास घ्या. धरून ठेवा.
"धरूनच तर ठेवलाय, पोरी," म्हातारी म्हणाली.

ओली फिल्म उजेडपेटीवर लावली.
दोन्ही फुप्फुसांत बारीक बर्फ पडत होतं.
लेकी विचारतात तसं एनिडनं काही विचारलं नाही.
मान तिरकी करून म्हणाली,
"हा पांढरा कुठे मिळतो?"

पंधराव्या वर्षापासून ती कपांवर गुलाब काढायची.
तीन फटक्यांत पाकळ्या, एका फटक्यात देठ,
मजुरी डझनावर.
भट्टीत कप तडकला तर पैसे नाहीत,
गुलाब शाबूत असला तरी.
आणि रविवारी, त्याच कुंचल्यांनी,
गोणपाटावर बायका:
कडा घासणाऱ्या, फळ्या डोक्यावर नेणाऱ्या,
जिन्यात दम खात बसलेल्या.

लंडनला प्रदर्शन झालं.
कुणी गृहस्थांनी छापून आणलं, काय ही तरल शुभ्रता.
एनिडनं मला ते दोनदा वाचून दाखवलं,
मग त्यात मांजरासाठी माशाची डोकी बांधली.
"चित्र खोकत नाही गं. तिथेच घोटाळा आहे."

म्हणून कॅमेरा.
लग्नांच्या फिल्मा काढणाऱ्या एका माणसाकडून, हप्त्यानं.
चावी दिली की जेमतेम अर्धं मिनिट चालायचा.
आवाज वेगळा, टेपवर. टेप माझ्या मांडीवर.
आईचा खोकला एका चावीत मावला नाही;
मध्ये थांबून तिनं पुन्हा चावी दिली,
तेवढा काळोख, मग पुन्हा आई.

टीव्हीवाले म्हणाले, घेतो.
फक्त खोकला तेवढा काढा,
लोक त्या वेळी जेवत असतात.
आई तोवर गेली होती.
एनिडनं चाळीस सेकंद कापले.
कात्री माझी होती, बँडेजची.
हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी रात्री दाखवला. गल्लीत कौतुक.
वर्षभरात कारखान्यात धूळ ओढणारे पंखे बसले,
सिनेमामुळे की विमा कंपनीमुळे, कोण सांगणार.
पुढे तिनं बरंच केलं:
संपातली स्वयंपाकघरं, कुलपं लागलेल्या भट्ट्या,
घरी बसलेल्या माणसांचे हात.
कुणाचं एक वाक्य कापलं नाही पुन्हा.
त्यामुळे सिनेमे लांबत गेले
आणि अर्ध्यात लोक उठून जायचे,
तेव्हा ती दाराशी उभं राहून
प्रत्येकाला कोट द्यायची.
पहिल्या सिनेमाचं नाव मात्र
माहितीपत्रकात छापू दिलं नाही.

मार्चमध्ये तिची भाची बिस्किटांचा डबा देऊन गेली.
आत गुंडाळी, करंगळीएवढी जाड,
व्हिनेगरसारखा वास.
स्वयंपाकघराच्या खिडकीशी उलगडते आहे:
म्हातारी, म्हातारी, म्हातारी,
काळोख,
म्हातारी.
आवाजाची टेप माझ्याच कपाटात आहे,
वाजवायचं यंत्र नाही.
बाहेर बाटलीसारख्या भट्टीवर कबुतरं,
खाली आता सायकलींचं दुकान.

सवयीनं पुटपुटते, श्वास घ्या. धरून ठेवा.
पट्टी संपेपर्यंत
"सोडा" म्हणायचं राहून जातं.