सामता

आमच्या शिवारात दगडांची गोल रिंगणं आहेत,
गाव त्यांना खळी म्हणतं. कुणाची, ते कुणी विचारलं नाही.
माघात खोदकामवाले आले, कुंच्यांनी माती झाडत बसले,
आणि एका संध्याकाळी बाबाला निरोप:
डोमाजी, सामता घेऊन या.

डबीत कापूस, कापसात मणी.
तांबडा, जवसाच्या बोंडाएवढा.
या अंगानं भोक, त्या अंगानं भोक,
मधे मात्र दगड शाबूत.
लोखंड होतं त्यांच्याजवळ, साहेब म्हणाले,
पण हा दगड लोखंडाले ऐकत नाही.
बाबानं एक डोळा मिटून मणी उन्हात धरला.
"मंग जल्दी नसंल त्यायले," म्हणाला.

नदीतला एक कोरा खडा मिळाला त्याला, करून बघायला.
बाभळीच्या फळीत खाच, खाचेत खडा,
वर तळव्याखाली करवंटीचा तुकडा,
आणि कमानीची दोरी कुईऽ कुईऽ.
पहिल्या दिवशी खिळा झिजला. खडा हसला.
दुसऱ्या दिवशी तांब्याची तार, नदीची रेती.
मऊ धातूत कण रुतून बसतो, बाबा म्हणाला,
कडक माणसाले कोणी चिकटत नाही.
(आई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.)

मग धारवाल्याचं फुटकं कुरुंदाचं चाक आणलं,
कुटलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं.
माझं काम पाणी.
पळसाच्या पानाच्या टोकावरून
थेंब, मोजून, थेंब.
तीन दिवसांनी तिळाएवढी खळी.
मोहं पडू लागली तेव्हा अर्धा खडा,
मग उलटवला.

एका दुपारी सामता आपसूक थांबला.
बाबानं काडी घातली इकडून, मग तिकडून.
दोन्ही भोकं एकमेकांच्या शेजारून चालली होती,
बांधाच्या दोन अंगांनी दोन भाऊ जातात तशी.
त्यानं डबीतला मणी पुन्हा मागून घेतला,
काडी घातली, आणि किती तरी वेळ
त्या अनोळखी कारागिरावर हसत राहिला,
आपल्याच माणसावर हसावं तसा.
"यालेबी कळलं होतं. म्हणून ठेवून देला."

तो मणी नागपूरला गेला. त्याला नंबर आहे.
बाबाचा खडा माझ्याकडे, हळदीच्या डब्यात.
काल पालथा केला तर
भोकातून तळहातावर चिमूटभर करडी पूड.
बोटानं चोळली.
अजून खरखरते.