घट धरून

एक ऑगस्टला बंदी उठते.
मिरकरवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही,
पहाटे तीनला डिझेलचा वासच सांगतो.
त्या वर्षी त्याच तारखेला
आमच्या बिलांवर नवा कायदा बसला.

"पाच कोटींच्या वर गेलो म्हणे आपण,"
फणसोपकरशेट अर्धे खूश, अर्धे धास्तावलेले.
"शिवलकरबाई, आजपासून कार्बन बंद."

सव्वीस वर्षं मी बर्फाच्या फॅक्टरीच्या ह्या खिडकीत.
उजव्या अंगठ्याला निळी कड, साबणाला दाद न देणारी.
मोठ्या शेटनी छापून घेतलेलं बिलबुक:
वर एका कोपऱ्यात श्री, दुसऱ्यात ७८६,
आणि तळाला, मुंगीएवढ्या टायपात,
चूक भूल द्यावी घ्यावी.

सीएकडचा ओजस कॉम्प्युटर जोडून गेला.
पहिलंच बिल जयगडच्या एक्स्पोर्टवाल्यांचं,
एकशेवीस लाद्या.
बर्फाचा कोड बावीस-शून्य-एक-नव्वद
(बर्फालाही कोड असतो
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं).
पोर्टल म्हणालं, पिनकोड जुळत नाही.
पुन्हा भरला. गोल गोल फिरत राहिलं.
ओजसचा फोन लागेना.
टेम्पो दारात, ताडपत्रीखालून धार,
धारेचं डबकं, डबक्याचा ओहोळ,
तो रस्ता ओलांडून
जाळी शिवणाऱ्या बायकांच्या पायाशी गेला.
मरियम ओरडली,
"बाई, तुमचं बिल इथवर वाहत आलं हो!"

जुन्या बिलावर मी लिहायची:
लाद्या १२०, वाटेतली घट धरून.
इथे घटीला रकानाच नाही.
एकशेवीस म्हणजे एकशेवीस,
थेट जयगडपर्यंत,
उघडीप पडली तरी,
निवळी फाट्यावर ड्रायव्हर चहाला थांबला तरी.

मग उमटला एकदाचा नंबर.
चौसष्ट कला ऐकून होते,
ही चौसष्ट अक्षरं.
बाजूला काळापांढरा चौकोन,
बारीक आसाचं जाळं असावं तसा.
शेटनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिला.
"ह्यात आपण कुठे?"
"ह्यात सगळेच," मी म्हटलं,
आणि मलाच ते फारसं आवडलं नाही.

रद्द करायचं तर चोवीस तासांत.
नंतर चूक ही चूकच राहते.
भुशाबाहेर लादी तेवढी जगत नाही.

होडीवाल्यांना साधं बिल अजून चालतं.
पण इम्तियाज तांडेलला चौकोनच हवा,
कंपनीला देता, मला का नाही?
"तुमचा जीएसटी नंबर?"
"नंबर आहे की. बोटीवर रंगवलाय."

रात्री कुलूप लावताना
भाट्याच्या विलणकरांचा धाकटा आला.
भिजलेला. चप्पल एकाच पायात.
वडील गेले, म्हणाला.
मोठा भाऊ दोह्याहून परवा दुपारी पोचतोय.
दोन लाद्या.

मोठ्या शेटचा शब्द होता:
मयताच्या बर्फाला पैसे नाहीत.
शब्द कुठे लिहिलेला नाही,
म्हणून कुणी बदललाही नाही.

कॉम्प्युटर बंदच होता. मी तो लावला नाही.
खणातलं बिलबुक काढलं,
सवयीनं कार्बन सरकवला,
विलणकर, भाट्ये. लाद्या २.
रकमेच्या जागी आडवी रेघ.
बिल लागणार नव्हतंच कुणाला,
तरी त्यानं हात पुढे केला,
घडी करून खिशात ठेवलं.
खाली गड्यानं लादीत आकडा मारला.
त्या आवाजानं पोरगा दचकला,
आणि मग रडला.

सकाळी साठा जुळेना.
दोन लाद्या कमी.
ओजस फोनवर म्हणाला, काकू, कारण टाका,
तिथे रिकामा चौकोन दिसतोय बघा,
काहीही टाका,
पण टाका.

मी एका बोटानं अक्षरं शोधत
टाकलं:
घट.