ओट चिकात येईपर्यंत

एप्रिल सरत आला, म्हणजे इरातीत थंडीची चाहूल.
टेबलावर बिस्किटांचे तीन डबे,
आणि मी परातीत बी कालवते आहे:
काळे ओट दोन मुठी, व्हेच एक,
चाऱ्याचा मुळा चिमूटभर.
जास्त पडला तर सगळा वाफा तोच गिळतो,
हे मागच्या वर्षी शिकले.

"राय घे," ओनोफ्रे म्हणाला, "राय मरत नाही."
तीच तर भीती.
माझ्या गुडघ्यांना आता
हट्टी पिकं सोसत नाहीत.

बाबांचा नांगर शेडात उभा आहे,
त्याच्यावर रात्री कोंबड्या बसतात.
नांगरट संपली त्याच आठवड्यात तो पाऊस झाला,
आणि नदी तीन दिवस विटेच्या रंगाची वाहिली.
बाबा काठावर उभे राहून म्हणाले,
"बघ, कांद्याचं वावर चाललंय."
मी हसले होते.
ते हसत नव्हते.

जूनमध्ये पहाटे पानांवर काच.
मुळ्यानं पांढरा खांदा मातीबाहेर काढलाय,
खाली कुठवर पोचलाय ते त्यालाच ठाऊक.
फाळानं चाळीस वर्षं चोपून केलेला तो थर
तो न बोलता भोसकतो,
मग कुजतो,
आणि भोक तेवढं ठेवून जातो.

व्हेच ओटाच्या अंगाखांद्यावर चढलेला.
एक रोप उपटलं. मुळांवर गाठी, मोहरीएवढ्या.
नखानं चिरली तर आतून गुलाबी.
काम चालू आहे.

लेओकादियानं कोबीच्या ओळींत पांढरा क्लोव्हर पेरला,
जिवंत पांघरूण म्हणे.
पांघरुणानं कोबीचं पाणी पिऊन टाकलं.
आता दर रविवारी चर्चहून आली की
ती कात्री घेऊन त्याचे केस कापत बसते.
माझ्या पर्सिमनखाली मात्र तोच क्लोव्हर तीन वर्षं आहे,
तिथं तण डोकं काढत नाही.
झाड मोठं असलं की
पायाशी कोणी लोळलेलं चालतं.

सप्टेंबर. रोज संध्याकाळी एक दाणा
दोन नखांत दाबून बघायचा.
आज पाणी. आज पाणी. आज
पांढरा चीक बोटाला चिकटला.

फळीच्या दोन टोकांना दोरी, दोरी हातात,
फळीवर पाय, आणि पूर्ण वजन.
एक पाऊल, ओट आडवे.
एक पाऊल, कडकड देठांची.
मागं वळून बघितलं तर कोणीतरी
हिरवी चटई अंथरून गेल्यासारखं,
आणि चटईत बोटानं भोक करून
टोमॅटोचं पहिलं रोप.

विहिरीकडचा वाफा मी उतावळेपणानं
चार दिवस आधीच पाडला होता.
आज सकाळी तो परत उभा,
दवानं ओला, माझ्याकडे बघत.
राहू दे म्हटलं, बियाण्याला होईल.

ओनोफ्रेनं रिकामा डबा मागून नेलाय.
राय भरून परत करीन म्हणतो.