खिडकीची उंची

काणकोणच्या या इस्पितळाचे चिरे
मीच लावले, सत्त्याण्णव साली.
नकाशात होतं: खिडकी छातीएवढी.
छाती उभ्या माणसाची धरली होती,
मीही विचारलं नाही.

आता खाट नंबर अकरा.
दिसतो तो माडाचा शेंडा फक्त,
खालचा माड नाही, तळपण नदी नाही.

औषधांची खोली पार त्या टोकाला.
रात्री सिस्टर ऑर्लिंडाच्या चपला मोजतो:
जाताना बासष्ट, येताना सत्तर.
पहाटे तर मध्येच थांबतात,
जिथे मी काटकोनात कोपरा साधला
आणि बाकापुरती जागा सोडली नाही.

"न्हिदूंक ना, दुलबा?"
सलाइन बघते, उभ्यानंच डोळे मिटते.

मी पाय आखडून घेतो.
खाटेच्या कडेला
बाकाएवढी जागा होते.