मंगळवारी नायट्रोजन

मंगळवारी नायट्रोजन, सहा आठवड्यांनी हीलियम.
एवढंच माझं काम. बाकीचं त्यांचं त्यांना ठाऊक.
ब्रनोतल्या या तळघरात एकोणीस वर्षं
मी एका चुंबकाला पाणी दाखवतो आहे,
दावणीच्या जनावराला दाखवावं तसं,
वेळेवर, फार न बोलता.

त्याच्या पोटात वीज फिरते.
आणला त्या वर्षी एकदाच ढकलली होती, तारेच्या वेटोळ्यात.
त्यानंतर कुणी हात लावलेला नाही
आणि ती दमलेलीही नाही.
समजावून सांगतात तेव्हा मी मान डोलावतो.
पटत नाही.

दाराबाहेर एक बशी आहे:
किल्ल्या, घड्याळ, कमरेचा पट्टा.
एका पोराची खुर्ची एकदा आपणहून चालत गेली
आणि जाऊन चिकटली.
चौघांनी दोर लावून ओढली तेव्हा सुटली.
तो पोरगा आता औषधांच्या कंपनीत आहे, म्हणे.

रादाना रात्री येते.
दिवसा कोपऱ्यावर ट्राम वळते तेव्हा तिची रेघ थरथरते,
म्हणून शेवटची ट्राम डेपोत गेली की ही नळी आत सोडते.
नळीत पाण्यासारखं पाणी.
त्यात, ती सांगते, एक माळ आहे, एकशे अडतीस मण्यांची,
स्वतःभोवती गुंडाळलेली,
आणि प्रत्येक मण्यावर भोवरे,
धक्का दिला की झुकतात, सावरताना गुणगुणतात.
शेजारी कोण, त्यावरून ज्याचा त्याचा सूर बदलतो.
शेजारावरून माणूस ओळखावा, तसं.
एकशे सदतीस तिने ओळखले आहेत.
एक्याण्णवावा तीन वर्षं बोलत नाही.

"मेला असेल," मी म्हटलं.
"नाही, लुबोर. तो स्वस्थ बसत नाही.
हलणारं नीट दिसत नाही यात."

हे मला मार्चमध्ये पुन्हा ऐकू आलं,
टेकडीवरच्या इस्पितळात,
जिथे व्लास्ताला त्याच जातीच्या चुंबकात सरकवलं, आडवं.
वर्षभर तिचा उजवा हात थरथरतो आहे.
"अजिबात हलू नका," काचेमागची मुलगी म्हणाली.
मी विचारलं, हीलियम कधी भरता?
ती हसली.
"हा बंदच असतो, आजोबा. याला काही लागत नाही."

काही लागत नाही.
बाहेरच्या बाकावर मी ते चघळत बसलो.
माझे वडील मिकुलोव्हला पिंपं बांधायचे, ओकच्या लाकडाची;
स्टीलच्या टाक्या आल्या त्या वर्षी
तेही असेच अंगणात बसलेले मला आठवतात,
हातात हातोडा, समोर काहीच नाही.

व्लास्ता बाहेर आली, केस विस्कटलेले.
"तुझ्या बापाचा कारखाना होता आत," म्हणाली,
"वीस मिनिटं नुसते ठोकत होते."
चित्र धूसर आलं. पुन्हा घेतील, जूनमध्ये.

काल रात्री रादानाने नळी गार केली,
गोठणार नाही इतपत.
थंडीत सगळेच मंदावतात, मणीसुद्धा मंदावेल.
पहाटे चारला पडद्यावर
तिळाएवढा उंचवटा.
तिने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
"तोच असेल. किंवा कचरा असेल.
आठ रात्री अजून लावाव्या लागतील."
मग, डबा उघडून सँडविचचा अर्धा माझ्याकडे देत:
"मी तीन वर्षं त्याच्यावर चिडले होते.
पण सगळं काम बहुधा तोच करतो, लुबोर.
बाकीचे नुसते धरून बसलेत."

पहिल्या ट्रामने घरी आलो.
व्लास्ता चहा ओतत होती,
किटलीचं तोंड कपाच्या काठावर टकटक वाजत होतं,
थोडा आत, थोडा टेबलावर.
मी हात धरत नाही तिचा.
बशी पुढे सरकवतो.