रात्रपाळीची मोजणी

दर चार तासांनी मोजायचं, असं वहीत लिहिलंय.
म्हणून रात्री दोनला मी इथे,
चेस्के बुद्येयोवित्सेत, नदीपासून दोन गल्ल्या आत,
पंचवीस अंशांच्या कपाटासमोर.
बाहेर उणे नऊ.
नळ्यांच्या तळाशी नुसता आगर:
पाणी आहे, अन्न नाही.

डावीकडे साध्या फळमाश्या.
भूक लागली, तशी हृदयनळीलगतच्या
एका इवल्या गाठीतून हाक सुटली
आणि थेट मेदाच्या दारात जाऊन थडकली:
उघड. सोड. साखर वाहू दे.
मग काय, पायांना भिंगरी.
वर, खाली, काचेला टक्कर, परत वर.
कुठेतरी अन्न असेल असं त्यांना वाटतं,
किंवा वाटत नसेलही; पाय थांबत नाहीत एवढं खरं.
चव्वेचाळिसाव्या तासाला निम्म्या आडव्या.

उजवीकडच्यांना ती हाकच नाही.
ती आम्ही जनुकातून काढून टाकली.
मेंदूत सात पेशी इकडे, सात तिकडे,
जेवण झालं की ‘साठव, साठव’ म्हणणाऱ्या,
त्या शाबूत आहेत.
‘काढ’ म्हणणारं मात्र कुणी उरलं नाही.
म्हणून या गुबगुबीत.
म्हणून या बसून.
कोठार भरलेलं, किल्ली हरवलेली,
फटीतून झिरपेल तेवढ्यावर भागतंय.
आणि गंमत म्हणजे याच जास्त जगतात.
डॉक्टर होर्निचेक खूश आहेत,
आलेखात दोन रेघा छान फाकतात.

मला त्यांचं बसणं बघवत नाही.
नळीला टिचकी मारते. एक पाय हलतो. जिवंत. पुढची.

आईच्या तळघरात मागच्या वसंतात
आलुबुखाराच्या मुरंब्याच्या एकसष्ट बरण्या निघाल्या.
प्रत्येकीवर साल, तिच्या तिरक्या अक्षरात.
आणि वर स्वयंपाकघरात ती,
एकेचाळीस किलोची, खिडकीशी.
‘ब्लाझेना, जेवलीस का?’ शेजारीण विचारायची.
‘भूकच नाही गं,’ म्हणायची, तक्रार नसल्यासारखी.
तिच्या अंगात कुठली हाक बंद पडली होती
ते कुणी मोजलं नाही.
माणसाची माशी करू नये, हे मला कळतं.
तरी रात्री दोनला कळून काय उपयोग.

बरण्यांपैकी एक मी इथे आणलीये.
त्यातला मुरंबा भरून कोलाचे भाजले,
अर्धा अजून टेबलावर, रुमालावर.
प्रयोगशाळेत खाऊ नये, ही पाटी माझ्याच डोक्यावर.

डावीकडची अकरा नंबरची नळी.
कापसाचं बूच काढताना बोट घसरलं,
आणि एक निसटली.
बावन्न तासांची उपाशी, तरी काय तो वेग!
दिव्याभोवती दोन फेऱ्या, मग थेट रुमालावर.
मुरंब्याच्या कडेला पुढचे पाय टेकले,
सोंड खाली गेली.

आता चिमट्यानं उचलून परत घालणं सोपं होतं.
चिमटा हातातच होता.
मी श्वास रोखून बघत राहिले,
आईच्या एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमधली गोडी
एका माशीच्या पोटात उतरताना.
कुठेतरी चौदा पेशी दचकून जाग्या झाल्या असतील.
साठव, साठव.

वहीत रकाने तीनच: जिवंत, मृत, गहाळ.
अकरा नंबरपुढे लिहिलं, गहाळ एक.
शाई ओली असतानाच माझ्या पोटात गुरगुरलं.

गजर सहाचा लावला.
कोलाचाच्या दुसऱ्या कडेचा तुकडा मोडला,
तिला धक्का लागू नये असा.