दिवस भरणे

अण्णा गंगावेशीत धारेचं दूध प्यायला गेले
आणि ओल्या फरशीवर घसरले. खुबा मोडला.
मी सस्काटूनहून निघाले त्या रात्री
माझे नऊशे ऐंशी दिवस झाले होते,
सन्मतीचे एक हजार एकोणीस.

पाच वर्षांत एक हजार पंच्याण्णव दिवस
त्यांच्या जमिनीवर पाय टेकलेला हवा, मग अर्ज.
विद्यार्थी म्हणून काढलेला दिवस अर्धाच धरतात.
सन्मतीची तळघरातली दोन वर्षं
अशी एका वर्षात बसली.
निघाल्याचा दिवस धरतात, पोचल्याचा धरतात,
मधलं सगळं शून्य.
एकाच लखोट्यात दोघांचे अर्ज घालायचे,
एवढंच ठरलं होतं आमचं.

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत
आज त्रेसष्टावं शून्य.
वॉकरच्या रबरी बुचांना लागलेली माती पुसते,
गोळ्या सकाळच्या, गोळ्या दुपारच्या,
फिजिओचा पोरगा येतो, "आजोबा, गुडघा वाकवा की वो!"
अण्णा त्याला त्याचं गाव विचारतात, मग तालुका,
मग त्या तालुक्यातले सगळे जुने तलाठी.

मागच्या जिन्यात फोनवर म्हटलं मी,
"माझे दिवस कुठं भरलेत अजून!"
संध्याकाळी हौसाक्का आवळे घेऊन हजर.
"कितवा गं?"
"एकशेपंधरा राहिलेत, अक्का."
आवळे मात्र परत नेले नाहीत तिनं.

सन्मती साडेअकरा तास मागून बोलतो.
तिकडं आता पावणेपाचला सूर्य बुडतो,
रात्री जेवायचं नाही म्हणून
तो ऑफिसातच डबा संपवतो, एकटा, जिन्याशेजारी.
"माझे तेराच उरलेत," म्हणाला.
"पासपोर्टही मार्चमध्ये संपतोय.
मी पुढं भरू का?
म्हणजे तुला घाई नको. रहा हवं तितकं."
हवं तितकं.
मी पलीकडचा हीटर ऐकत राहिले.
लग्नात त्याची गाडी कावळा नाक्यावर अडकली होती,
मुहूर्त टळून गेला,
आणि उपाध्ये मांडवात पंख्याखाली बसून म्हणाले होते,
थांबू की, पळून जातोय व्हय.
"भर," म्हटलं मी. "फी माझ्या कार्डावर नको टाकूस."
हसला. मला हसवायचं नव्हतं.

अण्णांना सांगितलं तेव्हा
ते भिंतीकडं बघत राहिले बराच वेळ.
"एकतीस वर्षं रहिवासी दाखले दिले मी," म्हणाले,
"दिवस कुणाचं मोजलं न्हाईत.
पोलीस पाटलाला विचारायचं, ह्यो हितलाच न्हवं?
तो म्हणायचा, व्हय, हितलाच.
की मार शिक्का."
मग उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली.
रुकडीच्या अठरा गुंठ्यांचा सातबारा,
बक्षीसपत्राचा कच्चा मसुदा,
माझं नाव त्यांच्या तिरक्या अक्षरात.
"तू परदेशी झालीस की शेतजमीन अशी देता येत न्हाई.
आत्ता हाईस तू हितली.
पुढल्या महिन्यात मला रिक्षात बसता येईल, तवा करू."
तारीखसुद्धा लिहून ठेवली होती, पेन्सिलीनं.
म्हणजे तेही मोजत होते,
मी उतरले त्या पहाटेपासून,
दुसऱ्या टोकाकडून.

रात्री सन्मतीला फोन लावला नाही.
लॅपटॉपवर तक्ता उघडा होता:
कधी गेलात, कधी परतलात, कारण.
कारणाच्या रकान्यात 'वडील' लिहिलं,
खोडलं, 'कौटुंबिक' लिहिलं.
परतल्याची तारीख तशीच कोरी.

कॉटपासून उंबऱ्यापर्यंत एकोणीस पावलं.
काल सतराव्याला दम लागला होता.
अण्णा मोठ्यानं मोजतात, मी मागं,
हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब.
पंधरा. सोळा. सतरा.
अठरावा पाय उचलला, लटपटला, वॉकरला आपटून मागं आला.
"ह्यो धरू नकोस," म्हणाले,
"टेकला न्हाई."